परकीय भाषेची अट: क्लासची फी भरण्याआधी नियम वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले की ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, खारघरला जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश आणि हल्ली कोरियनच्याही क्लासचे फलक लागतात. पालक चौकशीला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती महिन्यांत होईल?’ आम्ही याच पट्ट्यात या भाषा शिकवतो, मुलांना परीक्षांना बसवतो, त्यांचे अर्ज तपासून देतो. आमचे कळकळीचे सांगणे आहे की हा प्रश्न नंतर विचारावा. आधी विचारावे ते हे, की ज्या विद्यापीठासाठी ही भाषा शिकायची आहे, त्याला नेमके काय हवे आहे? भाषा शिकल्याचे क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मिळणारे श्रेयांक), की भाषा येत असल्याचा दाखला?

विद्यापीठाची परकीय भाषेची अट दोन वाटांनी पुरी होते. एक वाट अभ्यासक्रमाची. सेमिस्टरमागून सेमिस्टर विषय घ्यायचा, हजेरी भरायची, परीक्षा द्यायची, गुणपत्रिकेत क्रेडिट पडतात. दुसरी वाट पातळीच्या परीक्षेची. तिथे तुम्ही कुठे शिकलात, किती दिवस शिकलात हे कुणी विचारत नाही. ठरलेल्या दिवशी वाचन, श्रवण, लेखन, संभाषण यांची परीक्षा द्यायची आणि ए१, बी२ असा पातळीचा शिक्का घेऊन बाहेर पडायचे. काही विद्यापीठांना दोन्ही वाटा चालतात, काहींना एकच. आणि एका वाटेचा कागद दुसऱ्या वाटेवर आपोआप चालत नाही. नियमात तसे लिहिलेले असले तरच चालतो. गोएथे संस्थेची बी१ परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी इथल्या महाविद्यालयात ओपन इलेक्टिव्ह म्हणून पुन्हा ‘माझे नाव अमुक’पासून जर्मन शिकत बसते, कारण तिच्या प्रमाणपत्राला किती क्रेडिट द्यायचे हे महाविद्यालयाने ठरवलेलेच नसते. उलट महाविद्यालयात चार सेमिस्टर जर्मन घेऊन उत्तम श्रेणी मिळवलेल्या मुलाला जर्मनीतले विद्यापीठ विचारते, ‘लेव्हल कोणती?’ आणि त्याच्याकडे उत्तर नसते. बारावीला जर्मन किंवा फ्रेंच घेऊन भरघोस गुण मिळवलेल्यांचेही हेच होते. ते गुण टक्केवारीला उपयोगी पडले, पण युरोपातल्या विद्यापीठांत ते पातळीचा पुरावा म्हणून सहसा धरले जात नाहीत.

यामागचा तासांचा हिशेब समजून घेतला तर बरेच गैरसमज दूर होतील. युरोपीय परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ साली भाषांच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांची ‘सीईएफआर’ ही चौकट प्रसिद्ध केली. आज बहुतेक युरोपीय भाषांच्या परीक्षा तिच्यावर बेतलेल्या आहेत. गोएथे संस्था, म्हणजे आपल्याकडचे मॅक्सम्युलर भवन, प्रत्येक पातळीसाठी साधारण किती तासिका लागतात ते सांगते. एक तासिका ४५ मिनिटांची. ए१ साठी ८० ते २००, ए२ पर्यंत एकूण २०० ते ३५०, बी१ पर्यंत ३५० ते ६५०, बी२ पर्यंत ६०० ते ८००. आता महाविद्यालयातला दोन क्रेडिटचा विषय पाहा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटला ३० तास. ४५ मिनिटांच्या हिशेबाने त्या ४० तासिका झाल्या. ए१ च्या किमान तासिकांच्या बरोबर निम्म्या! त्यातही गणपती, नवरात्र, महाविद्यालयाचे फेस्टिव्हल आणि अंतर्गत परीक्षा वजा जाता प्रत्यक्षात किती भरतात, ते शिक्षकांना आणि मुलांना ठाऊक आहे. वर्गात साठ-सत्तर मुले असली तर बोलण्याचा सराव प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटांतच मोजावा लागतो. तेव्हा एक सेमिस्टर जर्मन घेऊन ए१ ला बसलेला मुलगा नापास झाला तर त्यात त्याचा दोष नाही. त्याला तेवढा वेळच मिळालेला नसतो. असे विषय चार सेमिस्टर घेतले तर १२० तास, म्हणजे १६० तासिका होतात आणि मग ए१ आरामात जमते. ए२ मात्र त्यातही बसत नाही.

हाच हिशेब ‘आठ महिन्यांत बी२’ असे छापणाऱ्या जाहिरातींना लावा. बी२ च्या किमान ६०० तासिका म्हणजे ४५० तास. आठ महिन्यांचे जेमतेम ३४ आठवडे. म्हणजे दर आठवड्याला १३ तास वर्ग हवा आणि घरचा अभ्यास त्याच्या वर. पदवीचा अभ्यास सांभाळून, डोंबिवली-ठाणे किंवा पनवेल-वाशी लोकलने ये-जा करणाऱ्या मुलाला हे झेपणारे नाही. आठवड्याला सहा तासांचा वर्ग धरला तर बी२ ला ७५ आठवडे लागतात, नुसता शनिवार-रविवार मिळून चार तासांचा असेल तर दोन वर्षांहून अधिक. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर भाषा पहिल्या वर्षापासून सुरू करावी. जर्मनीत हिवाळी सत्राच्या प्रवेशाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते. तिथून मागे मोजत यावे: निकालाचे आठवडे, परीक्षेची तारीख, एखादा भाग राहिलाच तर पुन्हा बसण्याची सवड, आणि मग वर्गाचे तास. जुलैमध्ये अर्ज करायचा आणि मे महिन्यात पहिल्यांदाच परीक्षेची जागा शोधायची, हे फार वेळा घडते आणि एक अख्खे वर्ष हातचे जाते. शिवाय जर्मन माध्यमातल्या पदवीसाठी बी२ सहसा पुरत नाही. टेस्टडाफ या जर्मनच्या परीक्षेच्या चारही भागांत टीडीएन ४ ही श्रेणी किंवा विद्यापीठ स्वतः घेते त्या डीएसएच परीक्षेत डीएसएच-२ अशी पातळी मागतात. इंग्रजी माध्यमातल्या अभ्यासक्रमांना जर्मनची अट कित्येकदा नसते, तर काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी किंवा पहिल्या वर्षाअखेर ए१ किंवा ए२ मागतात. ही माहिती त्या अभ्यासक्रमाच्याच पानावर, प्रवेशाच्या अटींखाली असते. एकाच विद्यापीठात शेजारच्या दोन विभागांची अट वेगळी असू शकते. मित्राला लागली म्हणून आपल्यालाही तीच लागेल असे धरू नये.

अमेरिकेचा मामला निराळा आहे. तिथल्या कला आणि विज्ञान शाखांच्या पदवीला बऱ्याच विद्यापीठांत परकीय भाषेची अट असते, बहुधा दोन ते चार सेमिस्टरची. पोहोचल्यावर प्लेसमेंट टेस्ट होते. तिच्यात तुम्ही वरच्या वर्गाला लायक ठरलात तर खालचे वर्ग माफ होतात आणि पुरेसे वर गेलात तर अटच पुरी होते. इथे एक मेख आहे. अटीतून सूट मिळणे आणि क्रेडिट मिळणे या दोन बाबी आहेत. प्लेसमेंटमुळे सूट मिळते, पण क्रेडिट बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, तेव्हा माफ झालेल्या भाषेच्या जागी दुसरे विषय घेऊन ती बेरीज भरावी लागते. ज्यांना क्रेडिटच हवेत त्यांच्यासाठी क्लेप ही परीक्षा आहे, पण परकीय भाषांत ती फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशपुरतीच आहे. तिचे गुण २० ते ८० मध्ये असतात. ५० गुणांना पहिली पातळी, आणि दुसऱ्या पातळीसाठी शिफारस फ्रेंचला ५९, जर्मनला ६०, स्पॅनिशला ६३ गुणांची आहे. प्रत्येक विद्यापीठ आपली मर्यादा स्वतः ठरवते, म्हणून नाव नोंदवण्याआधी त्यांच्या तक्त्यात पाहावे. इथल्या काही समुपदेशकांच्या जुन्या पत्रकांत अजूनही सॅट सब्जेक्ट टेस्टचा सल्ला दिसतो. त्या परीक्षा २०२१ मध्ये बंद झाल्या.

आणि या संदर्भात मराठी माध्यमाच्या मुलांना फारसे कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत ‘परकीय भाषा’ म्हणजे इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा. ज्याचे शालेय शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून झाले, त्याची अट तेवढ्यावरच पुरी झाल्याचे मानणारी विद्यापीठे बरीच आहेत. कळव्याच्या किंवा तुर्भ्याच्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाने हा नियम आधी पाहावा आणि मगच स्पॅनिशच्या क्लासला पैसे भरावेत. पुरावा म्हणून शाळेच्या छापील कागदावर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे इंग्रजी पत्र घ्यावे. त्यात कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत शिक्षणाचे माध्यम मराठी होते ते स्पष्ट लिहिलेले असावे. सोबत दहावीची गुणपत्रिका जोडावी. इंग्रजी माध्यमात शिकून मराठी हा एक विषय घेतला असेल तर एवढ्यावर भागेलच असे नाही. काही ठिकाणी तोंडी आणि लेखी चाचणी घेतात, तर काही ठिकाणी शाळेत सलग तीन-चार वर्षे शिकलेली दुसरी भाषा धरतात. अर्ज करतानाच विचारून घ्यावे आणि उत्तर ईमेलवर घ्यावे. फोनवरच्या होकाराला पुढे आधार राहत नाही.

पीएच.डी.ला जाणाऱ्यांसाठी अजून एक प्रकार असतो, फक्त वाचनापुरत्या भाषेचा. आपल्या विषयातला एक उतारा शब्दकोश जवळ ठेवून ठरलेल्या वेळात इंग्रजीत उतरवायचा. यासाठी बोलण्याचे क्लास लावून उपयोग नाही. व्याकरणाचा सांगाडा, क्रियापदांची रूपे आणि विषयातली शब्दसंपत्ती एवढ्यावर भर द्यावा. मराठेशाहीच्या इतिहासावर काम करणाऱ्याला फारसी चालेल का, हे मार्गदर्शकाला विचारून पाहावे. संशोधनाला लागणारी भाषा बऱ्याच विभागांना चालते.

आता परीक्षांकडे वळतो, कारण मुले तयारीत कमी पडतात त्यापेक्षा परीक्षेचा साचा माहीत नसल्याने जास्त गुण घालवतात. जर्मन ए१ मध्ये वाचनाला २५, श्रवणाला २०, लेखनाला २० आणि संभाषणाला सुमारे १५ मिनिटे असतात. १०० पैकी ६० गुणांना उत्तीर्ण. लेखनात आधी एका फॉर्ममधल्या पाच रिकाम्या जागा भरायच्या असतात, मग सुमारे ३० शब्दांचा मजकूर लिहायचा असतो. त्यासाठी तीन मुद्दे दिलेले असतात. पाठ केलेले पत्र जसेच्या तसे उतरवणारी मुले इथे मार खातात, कारण त्या तिन्ही मुद्द्यांचे उत्तर त्यात नसते. प्रत्येक मुद्द्याला एक सरळ, शुद्ध वाक्य लिहिले, सुरुवातीला योग्य संबोधन आणि शेवटी निरोप व सही केली की बाजी मारली. तोंडी परीक्षेत नावाचे स्पेलिंग आणि एखादा क्रमांक सांगावा लागतो. जर्मनमध्ये इंग्रजी ‘ए’ या अक्षराचा उच्चार आ, ‘ई’चा ए आणि ‘आय’चा ई असा होतो, त्यामुळे स्वतःचे आडनाव सांगतानाच मुले अडखळतात. हे रोज मोठ्याने म्हणून घटवावे. श्रवणात दूरध्वनी क्रमांक आणि किमती ऐकू येतात. जर्मन संख्या आपल्या एकवीस-बावीससारख्या एकक आधी बोलतात, पण इंग्रजीतून मोजायची सवय लागलेली मुले २५ च्या जागी ५२ लिहून मोकळी होतात.

बी१ मध्ये चार भाग स्वतंत्र आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. ही मोठी सोय आहे. बी२ मध्येही हीच व्यवस्था आहे आणि २०२४ पासून सी१ मध्येही. बी१ च्या लेखनाला ६० मिनिटे आणि तीन मजकूर: मित्राला सुमारे ८० शब्दांचा ईमेल, एखाद्या विषयावर सुमारे ८० शब्दांत मत, आणि परक्या किंवा मोठ्या व्यक्तीला सुमारे ४० शब्दांचा औपचारिक ईमेल. पहिल्यात जवळिकीचे ‘डू’, तिसऱ्यात आदराचे ‘झी’. ही गल्लत झाली की गुण जातात. विषय चुकला किंवा शब्द निम्म्याहूनही कमी भरले तर त्या मजकुराला शून्य. श्रवणाच्या चार भागांपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात, म्हणून ध्वनिफीत सुरू होण्याआधीच्या सेकंदांत प्रश्न वाचून ठेवायची सवय हवी. घरी सराव करताना मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांना ही सवय लागतच नाही.

फ्रेंचच्या डेल्फमध्ये मात्र असे सुटे भाग नाहीत. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, एकूण ५० हवेत आणि कोणत्याही भागात ५ पेक्षा कमी पडले तर नापास. मग परीक्षा पुन्हा पूर्ण द्यायची. प्रमाणपत्र मात्र कायमचे. टीसीएफ आणि टीईएफ या फ्रेंचच्याच दुसऱ्या परीक्षा, त्यांचे निकाल दोन वर्षेच चालतात. फ्रान्समध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला फ्रेंच माध्यमातून जाणाऱ्याकडे डेल्फ बी२ असेल तर त्याला प्रवेशासाठीच्या टीसीएफमधून सूट मिळते. कॅनडातल्या कायम वास्तव्याच्या अर्जाला मात्र डेल्फ चालत नाही, तिथे टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा लागते. एकाच भाषेची, एकाच पातळीची दोन प्रमाणपत्रे, पण दारे वेगवेगळी. स्पॅनिशमध्येही असेच आहे. डेले या परीक्षेचे प्रमाणपत्र कायमचे, सिएले या परीक्षेचे पाच वर्षांचे. सिएलेचा निकाल तीन आठवड्यांत येतो आणि डेलेला तीन महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते, म्हणून मुदत जवळ आली असेल तर सिएले सोयीची पडते. कोरियनच्या टोपिक परीक्षेची मुदतही दोन वर्षांचीच. दुसऱ्या वर्षाला हौसेने टोपिक दिलेल्या मुलीला पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी ती पुन्हा द्यावी लागू शकते.

जपानीच्या जेएलपीटीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ठाणे-नवी मुंबईतून तिला मोठ्या संख्येने मुले बसतात. ही परीक्षा वर्षातून दोनदाच होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. अर्ज काही महिने आधी, थोड्याच आठवड्यांसाठी घेतात. तारीख हुकली की सहा महिने गेले. एन५ या सर्वांत खालच्या पातळीला १८० पैकी ८० गुण लागतात, पण तेवढे पुरेसे नाहीत. भाषाज्ञान व वाचन यांत १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ असे वेगळे किमान गुण हवेत. एकूण १२० मिळवूनही श्रवणात १८ पडले तर नापास, आणि परीक्षा पुन्हा सगळी द्यायची. एन३ पासून तीन विभाग होतात, प्रत्येकात १९. या परीक्षेत बोलणे आणि लिहिणे तपासतच नाहीत, सगळे पर्याय निवडून पेन्सिलीने गोल भरायचे. म्हणून ‘बोलता येते का’ हे पाहू इच्छिणारे विद्यापीठ एन३ च्या कागदावर थांबेलच असे नाही, ते मुलाखत घेते. परीक्षेदरम्यान फोन किंवा त्यातला गजर वाजला तर लाल कार्ड मिळून पूर्ण परीक्षा बाद होते. फोन सायलेंट करून भागत नाही, बंद करावा.

रविवार म्हणजे आपल्याकडे मेगाब्लॉकचा दिवस. मुख्य मार्गावर, हार्बरवर, कधी ट्रान्स-हार्बरवरही साधारण अकरा ते चार गाड्या वळवतात किंवा बंद ठेवतात. श्रवणाचा विभाग सुरू झाल्यावर कुणालाही आत घेत नाहीत. तेव्हा शुक्रवार-शनिवारी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून घ्यावे आणि पाळी दुपारची असली तरी सकाळी साडेदहाच्या आत परीक्षा केंद्राच्या स्थानकावर उतरावे. मॅक्सम्युलर भवनाच्या परीक्षेसाठी इथल्या बहुतेकांना काळाघोडा गाठावा लागतो. तिथल्या जागा नोंदणी उघडताच भराभर संपतात. मग पुण्याचे केंद्र घेता येते, प्रमाणपत्राची किंमत तीच. पण पुण्याला सकाळची वेळ मिळाली तर पहाटेच्या इंद्रायणीवर विसंबू नये, आदल्या संध्याकाळी जावे.

नावाचा घोळ हे अडचणीचे आणखी एक मोठे कारण आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव पहिले, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकीचे दुसऱ्या. परीक्षेच्या अर्जात मुले घाईने वडिलांचे नाव गाळतात किंवा आडनावाच्या रकान्यात पूर्ण नाव भरतात. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्ती करून घेणे जिकिरीचे होते. परदेशी परीक्षेच्या अर्जात पासपोर्टप्रमाणे, अक्षरही न बदलता नाव लिहावे. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढावा. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेच्या) खात्यात मात्र आधारवरचे नाव येते आणि महाविद्यालयातल्या नोंदीशी ते जुळले नाही तर क्रेडिट जमाच होत नाहीत. आधार, महाविद्यालय आणि पासपोर्ट या तिन्हींत नाव एकसारखे करून घेणे हे पहिल्या वर्षाच्या जूनमधले काम आहे, शेवटच्या सेमिस्टरचे नव्हे.

ज्यांना अभ्यासक्रमाचीच वाट हवी, त्यांच्यासाठी जवळची जागा म्हणजे मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुल. तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन यांचे विभाग आहेत. ठाण्याहून किंवा वाशीहून कुर्ला गाठले की पुढे बस किंवा रिक्षा मिळते. विद्यापीठाचा सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा पुढे कुठेही दाखवताना त्याच्यासोबत विभागाच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम आणि एकूण तासांचा तपशील जोडावा, कारण बाहेरच्या विद्यापीठाला आपल्या डिप्लोमाची पातळी नुसत्या नावावरून समजत नाही. दुसरी सोय ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाची. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून घेता येतात. त्यावरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम तीन क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा दोन क्रेडिटचा. घरच्या असाइनमेंटना २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण, त्यांत अनुक्रमे किमान १० आणि ३० हवेत. अभ्यासक्रमात नाव घालणे मोफत आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिला शुल्क आहे. तीच करायची राहून गेली तर बारा आठवडे शिकूनही हाती काही येत नाही. आणि नाव घालण्याआधी महाविद्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. आधी करून मग विचारले की ‘आमच्या यादीत नाही’ असे उत्तर येते.

खासगी क्लासच्या प्रमाणपत्राविषयी स्पष्ट लिहायला हवे, आम्हीही तेच देतो म्हणून. क्लासच्या कागदावर ‘सीईएफआर ए२’ छापलेले असले तरी तो हजेरीचा दाखला आहे. युरोपीय परिषद कोणत्याही क्लासला किंवा प्रमाणपत्राला मान्यता देत नाही, तिने फक्त चौकट आखून दिली आहे. चौकशीला गेल्यावर एवढे तरी विचारावे: एकूण तास किती, वर्गात मुले किती, शिक्षकांची स्वतःची पातळी कोणती आणि कोणत्या परीक्षेला बसवणार. तास लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे फी भरू नये.

आमचे मागणे ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांकडे आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा २०२३ पासून लागू झाला आहे, त्यात आधी शिकलेल्याला क्रेडिट देण्याची वाट खुली आहे. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेश पुस्तिकेत एक पान छापावे. कोणत्या भाषेच्या कोणत्या परीक्षेच्या कोणत्या लेव्हलला किती क्रेडिट, प्रमाणपत्र किती जुने चालेल, अर्ज कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचा, हे सगळे त्यावर असावे. हिशेब अवघड नाही. ए१ च्या किमान ८० तासिका म्हणजे ६० तास, १५ तासांना एक क्रेडिट धरले तर चार क्रेडिट होतात. वरच्या पातळ्यांचे याच रीतीने काढता येतील. ज्या विद्यार्थ्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला पहिल्या सेमिस्टरच्या पुस्तकात पुन्हा न बसवता थेट पुढच्या वर्गात घ्यावे. भाषेच्या वर्गात तीसहून अधिक मुले नसावीत आणि अंतर्गत गुणांपैकी काही बोलण्याच्या परीक्षेला राखावेत. आज बऱ्याच ठिकाणी मुलगा तोंडाने एक वाक्य न बोलता परकीय भाषेत उत्तीर्ण होतो, हे आम्हाला शिक्षक म्हणून सहन होत नाही.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडेही एक विनंती आहे. ठाणे, कल्याण, वाशी, पनवेल या पट्ट्यातून येणाऱ्या मुलांची संख्या पाहता वर्षातून काही सत्रे खाडीच्या अलीकडे-पलीकडे घ्यावीत. इथल्या महाविद्यालयांत संगणक कक्ष आहेत, श्रवणासाठी शांत वर्ग आहेत. प्राचार्यांनी सुट्टीतले दोन दिवस जागा द्यायची तयारी दाखवली, तर पर्यवेक्षणाला आणि बैठकव्यवस्थेला आमच्यापैकी कुणीही विनामोबदला उभे राहील.

आपले,
ठाणे व नवी मुंबई परिसरातील परकीय भाषांचे काही शिक्षक